शेतावरचं घर आणि बिघ्यामागे एक मण

दस्त लिहिणाऱ्याला जमीन आधी चार बाजूंनी कळते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस सरकारी खाजण, दक्षिणेस बांध, उत्तरेस नाला. ही चतुःसीमा जमली की मग आत काय आहे ते लिहायचं. पेणच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून माझी हयात गेली, राहायला वडखळ. खारेपाटातल्या जमिनींचे जे जुने दस्त हातातून गेले त्यांत एक गोष्ट ठरलेली असायची. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप’ ही सनदांच्या काळापासून चालत आलेली माळ पूर्ण यायची. खाऱ्या चिखलात पाषाण कुठला नि काष्ठ कुठलं! पण लिहायचं ते लिहायचंच. घर मात्र त्या माळेत कधी नसायचं. शेत खारीत आणि घर गावठाणात, दोघांचे दस्त वेगळे, नंबर वेगळे, बहुतेकदा भांडणंही वेगळी.

आता ज्याला त्याला शेतातच घर हवं असतं. महामार्गावरून अलिबागकडे वळलात की फार्महाऊसच्या पाट्या सुरू होतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला आणि त्या पाट्यांवरचे आकडे फुगले. “लिवा ना भाऊ, फारमहाऊस,” असं गिऱ्हाइकाबरोबर आलेला गावातला मध्यस्थही म्हणतो. मी ‘शेतघर’ लिहितो. दोघांनाही ते कमी किमतीचं वाटतं.

माझी एक भाची नोकरीनिमित्त फ्रान्सच्या दक्षिणेला, तुलूजला असते. तिकडे रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत, एक फ्रेंच आणि एक ऑक्सितान. ऑक्सितान म्हणजे मध्ययुगातल्या त्रुबादूर कवींची भाषा. ‘हो’ला तीत ‘ओक’ म्हणतात, त्यावरूनच त्या मुलखाचं नाव लांगदोक पडलं. सुट्टीत ती पूर्वेला प्रोव्हान्सकडे गेली आणि तिथून फोटो पाठवत राहिली. दगडी घरं, भोवती शेत, दारावर ‘मास’ असं लिहून पुढे कुणाचं तरी नाव. मामा, तुझ्या दस्तातलं शेतघर बघ, असं तिने खाली लिहिलं होतं. मला घरापेक्षा त्या शब्दाची चौकशी करावीशी वाटली. धंद्याची खोड.

मास म्हणजे शेतावरचं एकटं घर. जाड दगडी भिंती, तोंड दक्षिणेला, उत्तरेची भिंत जवळजवळ आंधळी, कारण त्या बाजूने मिस्त्राल नावाचा झोंबरा वारा सुटतो. वारा अडवायला सरूची रांग. एकाच छपराखाली माणसं, गुरं, धान्य, बाहेर विहीर आणि खळं. रेशमाचे दिवस होते तेव्हा कित्येक घरांत किड्यांची खोलीसुद्धा असे. त्या वाऱ्याचंच आडनाव लावणारा कवी फ्रेदेरिक मिस्त्राल १८३० मध्ये माइयान गावाजवळच्या अशाच एका मासमध्ये जन्मला. त्या घराचं नाव ‘मास द्यू ज्यूज’, म्हणजे न्यायाधीशाचं मास. त्याने आपल्या मायबोलीचा प्रचंड शब्दकोश केला आणि १९०४ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. आपल्याकडे ‘थ्री मस्केटिअर्स’मुळे घरोघर माहीत असलेलं द्युमा हे आडनावही यातलंच, ‘मासवाला’ अशा अर्थाचं.

मूळ लॅटिन क्रियापद आहे ‘मानेरे’, राहणे. त्यावरून ‘मान्सुस’. इंग्रजांचं मॅन्शन आणि फ्रेंचांचं मेझों ही त्याच कुळातली चुलत भावंडं. इथवर काही विशेष नाही, राहतात ते घर. पण इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकातल्या मठांच्या आणि राजांच्या वह्यांत ‘मान्सुस’ येतो तो घर म्हणून येत नाही, आकारणीचं माप म्हणून येतो. एक कुटुंब ज्यावर राहील आणि जगेल एवढी जमीन, तिच्यावरचं घर, गोठा, परसू, कुरणातला आणि रानातला वाटा, हे सगळं मिळून एक मान्सुस. त्याने धन्याला वर्षाला किती धान्य, किती कोंबड्या, किती अंडी द्यायची आणि किती दिवस धन्याच्या शेतात राबायचं, ते मान्सुसमागे ठरलेलं. त्या काळच्या लॅटिन दानपत्रांतही एक माळ असते: घरांसह, मळ्यांसह, कुरणांसह, रानासह, पाण्यासह. ती वाचली तेव्हा मला एकदम कुणीतरी धंदेबंधू भेटल्यासारखं झालं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मठात बसलेल्या कारकुनाने, जमिनीत कुरण असो वा नसो, कुरणासह असं लिहिलंच असणार.

म्हणजे त्या शब्दात घर आणि देणं एकत्र बांधलेलं होतं. आमच्याकडे असा शब्द का नाही, हा प्रश्न त्यानंतर सुचला. उत्तर शोधायला कोशापेक्षा बांधावर जाणं बरं.

वडखळ नाक्यावर उभं राहिलं की एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगराच्या अंगाला वाड्या आहेत, ठाकूरवाडी, कातकरवाडी. वाडी म्हणजे तिथे चार-पंचवीस घरांची वस्ती. धरमतरचा पूल ओलांडून अलिबागेकडे गेलात, नागाव-आक्षी-चौलला, तर वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि तिच्यातलं घर. मासला जवळचं काही असेल तर ते हेच. तळकोकणात वाडी म्हणजे गावाचा एक भाग, आणि बागेतल्या गुरांच्या, अवजारांच्या घराला मांगर. शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘वाट’ आहे, कुंपण घातलेली जागा. पुण्याचा वाडा, गुरांचा वाडा, मेंढरांचं वाडगं, सगळी त्या कुंपणाचीच पोरं. तिकडचा शब्द राहण्यावरून निघाला, इकडचा कुंपण घालण्यावरून.

पण खाडीच्या अंगाला, वाशी, शिर्की, बोरी, मसद या पट्ट्यात, बागेतली वाडीही नाही आणि मांगरही नाही. इथे कुंपण घातलं ते समुद्राला.

खार कशी होते ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीचं पाणी जिथे दिवसातून दोनदा येतं अशी चिखलाची सपाटी म्हणजे खाजण. तिच्याभोवती मातीचा बांध घालायचा, त्याला खाडीच्या अंगाने दगड लावायचे. हा बाहेरकाठा. त्यात लाकडी झडपांची मोरी ठेवायची, ती उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. बांध झाला म्हणजे शेत झालं असं नाही. पावसाने मीठ धुऊन जायला काही वर्षं जातात. मग खाऱ्याला तग धरणारा राता भात, तोही बहुधा रहू टाकून, म्हणजे मोड आणलेलं बी चिखलात फेकून. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती काढल्या, पण जुनी माणसं अजून राताचीच चव सांगतात. विहीर खणली तर पाणी खारट. शिर्की-वाशीकडे पिण्याच्या पाण्यासाठी बायकांनी किती पायपीट केली आणि किती मोर्चे काढले, ते तालुक्याला ठाऊक आहे. अशा जागी एकटं घर बांधून कोण राहील? गोडं पाणी नाही, पायाखाली चिखल, आणि एका उधाणाला खांड गेली की चुलीत मासे. म्हणून उंचवट्यावर भिंतीला भिंत लावून गाव, दाराशी गोडं पाणी साठवायचं तळं, तळ्यात जिताडा. (कचेरीतलं अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी पोचवायचा तो हाच मासा. दस्त लिहिण्यापेक्षा त्याने कामं लवकर होत, हे मी धंद्याचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो.) शेतावर छप्पर असेल तर एकच, उघाडीजवळ राखण्याची खोप.

मग इथे आकारणी कशावर बसली? घरावर बसणार नव्हती. ती बांधावर बसली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आंग्र्यांच्या अमलात, या खाड्यांवर मोठ्या प्रमाणात बांध पडले. भांडवल असलेल्या माणसांना सरकारने सवलतीने खाजणं दिली, त्यांनी बांध घातले, कुळं बसवली. अशा मालकाला शिलोत्रीदार म्हणत. बाहेरकाठा त्याच्या मालकीचा, त्याची डागडुजी त्याच्याकडे. आणि त्याबद्दल त्याच्या बांधाआड पिकणाऱ्या प्रत्येक बिघ्यामागे एक मण भात त्याचा. सरकारी सारा निराळा, हा मण निराळा. बांधावर देखरेख ठेवायला तो खारीवर खोत नेमी. दुसऱ्या प्रकारच्या खारी होत्या कुळारग. तिथे मध्ये कोणी धनी नाही, शेतकऱ्यांनी मिळून बांध राखायचा. घरटी माणूस द्यायचा, फावडं-घमेलं घेऊन उधाणाच्या आधी बांधावर हजर. त्या सामाईक कामाला जोळ म्हणत. ब्रिटिशांकडे १८४० साली आंग्र्यांचं संस्थान गेलं, पुढे कुलाबा जिल्हा झाला, आणि १८८३ मध्ये निघालेल्या कुलाबा गॅझेटियरात इंग्रज अधिकाऱ्यांनी ही शिलोत्री नि कुळारग पद्धत नोंदवून ठेवली.

बिघ्यामागचा हा एक मण मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी चीज वाटते. तो नुसता खंड नाही. कागदावर तरी तो एका कामाचा मोबदला आहे: समुद्र बाहेर ठेवण्याचा. मान्सुसच्या कोंबड्या-अंड्यांना असं काही कारण शोधून सापडत नाही.

प्रत्यक्षात काय होई हे अर्थातच वेगळं. खेकड्यांनी बांध पोखरला की रात्री-अपरात्री चिखल टाकायला धावत ती कुळंच. मण मात्र जात असे पेण-अलिबागच्या वाड्यांत. त्यावर खोताचं अर्धेल, कर्जाचं व्याज, वेठ. माणूस जमिनीला कसा जखडतो याची तिकडची गोष्टही फार वेगळी नाही. ऑक्सितानची सख्खी बहीण असलेल्या कातालान मुलखात मध्ययुगात मासवर बसलेल्या कुळाला धन्याला पैसे भरल्याशिवाय ते सोडता येत नसे. तशा कुळांना रेमेन्सा म्हणत. त्यांनी दोनदा शस्त्रं उपसली, तेव्हा कुठे १४८६ मध्ये राजा फर्नांदोने ग्वादालूपेच्या निवाड्यात ती सक्ती मोडली. मास कुळांकडे राहिलं, आणि पुढे तिथला शेतकरी मासच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

आमचा निवाडा यायला विसावं शतक उजाडलं. वडखळहून धरमतर ओलांडलं की पोयनाडच्या पलीकडे चरी आहे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची शेतं करायची नाहीत असं ठरवलं. सहा वर्षं आवणी नाही. भाताच्या कोठारात राहणाऱ्यांनी लाकूडफाटा विकून आणि खाडीत मिळेल ते धरून दिवस काढले. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते कायदा झालं नाही. पण १९३९ मध्ये कुळांना थोडं संरक्षण देणारा कायदा आला, १९४८ चा कूळकायदा आला, खोती १९५० मध्ये गेली, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. या मालिकेत एक छोटा कायदा आहे, जो आमच्या जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मुंबई शिलोत्री हक्क (कुलाबा जिल्हा) निर्मूलन अधिनियम, १९५५. एका जिल्ह्यातल्या चिखलाच्या बांधासाठी केलेला खास कायदा. बिघ्यामागचा मण त्याने मोडला.

तो मोडायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण दस्त लिहिणाऱ्याची नजर उरलेल्या कलमावर जाते. मण गेला, मग मणाबरोबर जोडलेलं काम कुणाकडे गेलं? १९४८ मध्येच खार जमिनींसाठी मंडळ नेमणारा कायदा झाला होता, १९७९ मध्ये नवा खार जमीन विकास अधिनियम आला. बांध सरकारी योजनेत गेले, पेणला त्याची कचेरी आहे. आणि सरकारी झालेल्या वस्तूचं जे होतं ते झालं. मंजुरी येईपर्यंत खांड रुंदावते, जोळाला माणूस येत नाही, कारण घरचा मुलगा डोलवीच्या कारखान्यात पाळीवर किंवा पनवेलला नोकरीला. भाताच्या भावात बांधाची माती परवडत नाही. एकदा खारं पाणी आत शिरून दोन-चार वर्षं राहिलं की तिवरं उगवतात. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाला हात लावता येत नाही. ते योग्यच आहे, पण ज्याच्या सातबाऱ्यावर भात लिहिलंय आणि शेतात तिवरं उभी आहेत, त्याला ते समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. असे सातबारे घेऊन बसलेली माणसं पाहिली की वाटतं, यांना कुळातून मालक करताना बांधाचं कलम कुणीतरी लिहायचं विसरला.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं म्हणून. जमीन द्यायची का, एवढाच सवाल. चरीच्या नातवंडांनी जे उत्तर द्यायचं ते दिलं. पण तेव्हा वाचवलेली जमीन नंतर गुंठ्यागुंठ्याने, राजीखुशीने, माझ्याच टेबलावरून गेली हेही खरं.

आणि म्हणून फार्महाऊस. जमीन महसूल संहितेत शेतघराचं कलम आहे, एकेचाळीसावं. ०.४ हेक्टरपेक्षा कमी जमीन असेल तर अशा घराला परवानगी नाही. त्याहून जास्त असेल तरी राहत्या घराचं जोतं १५० चौरस मीटरच्या आत. मुळात शेतकऱ्याने स्वतःच्या शेतासाठी बांधायचं घर, अवजारं, गुरं, धान्य आणि रखवाली यांसाठी. घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही कूळकायद्यातली अट वेगळी. त्यामुळे पहिली चौकशी असते ती दाखल्याची, गावाकडे कुठे तरी आजोबांच्या नावे एखादा तुकडा आहे का याची. मग पोहण्याचा तलाव बसेल का याची. प्रोव्हान्समध्येही हेच चाललंय, भाची सांगते. मास आता लंडन-पॅरिसच्या लोकांचं उन्हाळी घर, खळ्यावर आरामखुर्च्या. तिथे निदान ते घर शेताबरोबर उभं तरी राहिलं होतं. इथे फार्महाऊस येतं ते जिथे कधीच घर नव्हतं तिथे, आणि जिथे घर का नव्हतं हे विचारायचं कुणाला सुचत नाही तिथे.

माझ्याकडे आजही कुणी खारीतला तुकडा घेऊन आला तर मी लिहून देतो, नाही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाच, आणि ही खार कुठल्या योजनेत आहे, बाहेरकाठ्याला शेवटची माती कधी पडली, ते पेणच्या खारभूमी कचेरीत विचार. मध्यस्थ नेहमी ओहोटीला जागा दाखवायला आणतो. तू अमावास्येला ये, दुपारी बारा-साडेबारानंतर, धरमतरला भरती भरते तेव्हा, बूट गाडीत ठेवून.